लोखंडी दाराचं कुलूप



ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बहुतेक घरांना आता दोन दारं असतात. आतलं लाकडी आणि बाहेरचं लोखंडी, ज्याला आपण सेफ्टी डोअर म्हणतो. बैठ्या घरांत कधी एकच पत्र्याचं दार असतं. सकाळी लोकल गाठायला आपण बाहेर पडतो, तेव्हा घराची सगळी भिस्त या दारावर असते. आज त्याला नवीन कुलूप बसवण्याविषयी बोलू.

जुनं कुलूप अडकतंय म्हणून बदलत असाल, तर आधी बिजागऱ्या पाहा. दार खाली झुकलं की कुलपाची जीभ खाचेत नीट जात नाही. दोष दाराचा असेल, तर नवं कुलूपही महिन्याभरात अडकेल.

दुकानात जाताना दाराची जाडी, पट्टीची रुंदी आणि दार आत उघडतं की बाहेर, हे लिहून न्या. दाराचे आतून-बाहेरून फोटोही न्या. किल्ल्यांचं पाकीट सीलबंद आहे ना, ते पाहून घ्या.

लाकडाला पटाशीने खाच पाडता येते, पत्र्याला नाही. त्यामुळे पातळ पत्र्यावर कुलपासाठी जाड पट्टी वेल्ड करावी लागते. वेल्डिंग आधी, कुलूप नंतर. उष्णतेने आतल्या स्प्रिंगा खराब होतात. भोक पाडताना आधी पंचाने खूण, मग बारीक ड्रिल, मग मोठं. डोळ्यांवर चष्मा हवाच. कुलूप बोल्टने कसावं. बोल्टचा गोल माथा बाहेर आणि नट आत, म्हणजे बाहेरून कोणाला खोलता येणार नाही.

कापलेल्या कडांना लगेच रेड ऑक्साइड लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. लोखंडाचा कीसही झाडून घ्या. तो लादीवर राहिला तर तांबडे डाग पडतात. किल्लीच्या भोकात खोबरेल तेल घालू नका. त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड चांगली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण कामाला जातो तेव्हा घरात सासूबाई असतात, शाळेतून आलेली मुलं असतात. बाहेरून कडी लावून मोठं कुलूप घातलं, तर चोर बाहेर राहील, पण आपली माणसंही आत अडकतील. गॅस पेटला, शॉर्टसर्किट झालं, कोणाच्या छातीत दुखू लागलं, तर ती बाहेर कशी पडणार? काही लॅचना बाहेरून किल्लीचा जास्तीचा फेरा दिला की आतला नॉबही बंद होतो. घरात कोणी असताना तो फेरा देऊ नका. घेताना दुकानदाराला सरळ विचारा, "हे आतून किल्लीशिवाय उघडतं का?"

दाराला जाळी असेल, तर त्यातून हात घालून बाहेरचा माणूस आतला नॉब फिरवू शकतो. त्यासाठी नॉबच काढून टाकणं बरोबर नाही. नॉबभोवतीच्या जाळीवर आतून पत्रा लावून घ्या.

काम झालं की कारागीर तिथे असतानाच एक परीक्षा घ्या. दार बंद करा, दिवा मालवा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि कळत्या मुलाला आतून दार उघडायला सांगा. दोघांनाही किल्लीशिवाय, एका हाताने उघडता आलं, तरच कारागिराचे पैसे चुकते करा.