हॅरिसन यांची घड्याळे आणि लेफ्टनंट कमांडर गूल्ड
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२० साली इंग्लंडच्या नौदलातील एक तरुण अधिकारी ग्रीनिचच्या वेधशाळेत काही जुनी घड्याळे पाहण्यासाठी गेले. त्यांचे नाव रूपर्ट गूल्ड. घड्याळे चार होती आणि चारही बंद पडलेली. त्यांतील पहिले तर घड्याळ म्हणून ओळखूही येत नव्हते. सुमारे चौतीस किलो वजनाचा तो पितळी सांगाडा हिरव्या कळंकाने माखला होता. समुद्रतळाशी बुडालेल्या जहाजातून काढून आणावा, असे त्याचे रूप होते. ज्या वस्तूने जगाच्या नौकानयनाचा इतिहास बदलला, तिची ही दशा पाहून गूल्ड अस्वस्थ झाले. त्यांनी राजज्योतिषी सर फ्रँक डायसन यांची भेट घेतली आणि घड्याळे स्वच्छ करण्याची परवानगी मागितली. कामाचे मोल मागितले नाही. घड्याळजीच्या विद्येचे रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतले नव्हते, तरीही डायसन यांनी परवानगी दिली. आजच्या एखाद्या संग्रहालयात असा अर्ज पहिल्याच टेबलावर फेटाळला गेला असता, आणि तो फेटाळणे चुकीचेही ठरले नसते.

ही घड्याळे जॉन हॅरिसन यांची. त्यांचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधील फाउल्बी या खेड्यात, सुताराच्या घरी झाला. पुढे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या गावी स्थायिक झाले. शाळा-महाविद्यालयाचा लाभ त्यांना नव्हता. मात्र एका धर्मोपदेशकाने केंब्रिजचे अंध गणिती निकोलस सॉन्डरसन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत त्यांना वाचावयास दिली आणि या सुतारपुत्राने ती आकृत्यांसह संपूर्ण उतरवून काढली. छापील पुस्तके दुर्मीळ असताना आपल्याकडेही पोथ्या अशाच उतरवल्या जात. उतरवणे हाच अभ्यासाचा एक प्रकार होता. १७१३ साली, विशीच्या उंबरठ्यावर, हॅरिसन यांनी आपले पहिले घड्याळ बनविले. त्याची चाके लाकडाची होती, कारण हाताला ठाऊक असलेला जिन्नस लाकूड हाच होता. पुढे ब्रॉकल्सबी पार्क येथील मनोऱ्यासाठी त्यांनी केलेल्या घड्याळात ज्या भागांना तेल द्यावे लागते, तेथे लिग्नम व्हायटी हे स्वतःच स्निग्ध असणारे कठीण लाकूड वापरले. ते घड्याळ अजून चालते.

त्या काळचा खरा प्रश्न मात्र समुद्रावरचा होता. भूगोलाच्या तासाला प्रत्येकाने पाठ केलेले आहे की पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे. निघालेल्या बंदराची अचूक वेळ जहाजावर कळत राहिली आणि स्थानिक वेळ सूर्यावरून काढली, तर दोहोंच्या फरकावरून रेखांश मिळतो. हिशेब इतका सोपा. अडचण एवढीच, की लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर चालत नाही. थंडी-उन्हाने धातू आकसतो, पसरतो आणि तेल घट्ट होते. १७०७ साली सर क्लाउडस्ली शोव्हेल यांच्या ताफ्यातील चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक नाविक बुडाले. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला : अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणारी पद्धत देणाऱ्यास वीस हजार पौंड. अर्धा अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे पंचावन्न किलोमीटर आणि घड्याळाच्या भाषेत दोन मिनिटे. वेस्ट इंडीजपर्यंतच्या सुमारे सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटे, अर्थात दिवसाला तीन सेकंदांहूनही कमी चूक.

हॅरिसन यांनी या एका प्रश्नावर आयुष्य वेचले. पहिले सागरी घड्याळ १७३५ साली पूर्ण झाले. त्यात लंबक नाही. त्याऐवजी एकमेकांना जोडलेले दोन तोलदांडे आहेत, ते परस्परविरुद्ध झुलतात, त्यामुळे जहाजाचा हेलकावा एकावर जेवढा लागतो तेवढाच दुसऱ्यावर उलटा लागून निष्प्रभ होतो. चाकाला टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या त्यातील यंत्रणेला, तिच्या पायांच्या हालचालीवरून, नाकतोड्याचे नाव मिळाले आहे. १७३६ मध्ये ते लिस्बनच्या सफरीवर जाऊन आले. दुसरे घड्याळ झाले, ते त्यांनाच पसंत पडले नाही. तिसऱ्यावर एकोणीस वर्षे गेली. त्यात ७५३ भाग आहेत. तापमानाचा परिणाम घालविण्यासाठी दोन धातूंची जोडपट्टी त्यांनी याच घड्याळासाठी शोधली. पुढे असंख्य उपकरणांत तिचा उपयोग झाला. आणि मग एवढ्या तपश्चर्येनंतर त्यांनी मार्गच बदलला. १७५९ चे चौथे घड्याळ तळहाताहून थोडे मोठे, तेरा सेंटिमीटर व्यासाचे. १७६१-६२ मध्ये हॅरिसन यांचे पुत्र विल्यम ते घेऊन जमैकाला गेले. एक्याऐंशी दिवसांत ते पाच सेकंद मागे पडले.

बक्षीस मात्र मिळाले नाही. मंडळाने पुन्हा चाचणी मागितली, अटी वाढविल्या, १७६५ मध्ये निम्मी रक्कम दिली. १७६६ मध्ये राजज्योतिषी मॅस्केलाइन यांनी घड्याळे ग्रीनिचला हलविली, तेव्हा कामगारांच्या हातून पहिले घड्याळ खाली पडले. या कथेत मॅस्केलाइन यांना खलपुरुष ठरविण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याची त्यांची पद्धत खरी होती, घड्याळांपेक्षा स्वस्त होती आणि अनेक वर्षे नाविकांच्या उपयोगी पडली. पण वृद्ध कारागिराला त्याचे काय! १७७३ मध्ये, राजा तिसऱ्या जॉर्जने लक्ष घातल्यावर, पार्लमेंटने ८७५० पौंड दिले, तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचे होते. मूळ बक्षीस कोणालाच दिले गेले नाही. तीन वर्षांनी हॅरिसन वारले.

या घड्याळांच्या वंशजांशी आपलाही संबंध आला. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली, ती बंदरात येणाऱ्या जहाजांच्या सोयीसाठी. समुद्रावर निघालेल्या घड्याळाला आधी जमिनीवरची खरी वेळ कळावी लागते.

आता पुन्हा गूल्ड यांच्याकडे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच त्यांची मनःस्थिती पार ढासळली आणि समुद्रावरची नोकरी संपली. बरे झाल्यावर त्यांना नौदलाच्या जलालेखन विभागात, लंडनमध्ये, नकाशांचे काम मिळाले. लहानपणापासूनची घड्याळांची आवड येथे कामी आली. टोपी झाडण्याच्या साध्या ब्रशने त्यांनी पहिल्या घड्याळावरून दोन औंस मळ आणि कळंक काढला. नुसती सफाई करून मात्र घड्याळ चालणार नव्हते. मुख्य कमानी नाहीत, तोलदांड्यांच्या कमानी नाहीत, साखळ्या नाहीत, चावीची यंत्रणा नाही, लहान खिळे-स्क्रू तर बहुतेक सगळेच नाहीसे झालेले.

मग यंत्र समजण्यासाठी माणूस समजून घेणे आले. हॅरिसन यांनी लिहून ठेवले होते, पण त्यांचे गद्य वाचणे म्हणजे एक शिक्षाच; १७७५ च्या त्यांच्या पुस्तकात एक वाक्य विरामचिन्हांविना पानेच्या पाने धावते. ज्याच्या यंत्रात एकही कमान जागा सोडत नव्हती, त्याच्या वाक्यांना थांबा सापडत नसे. गूल्ड यांनी कागदपत्रे चाळली, रेखांश मंडळाचे दप्तर वाचले आणि १९२३ मध्ये सागरी घड्याळांच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विषयाचा तो आजही पायाभूत ग्रंथ आहे. घड्याळे उलगडताना त्यांनी अठरा वह्या भरल्या. रंगीत शाईच्या आकृत्या, प्रत्येक भागाचे वर्णन, काय काढले, कोठे होते, पुन्हा कसे बसविले. हॅरिसन यांनी स्वतः जे कधी स्पष्ट सांगितले नव्हते, ते या वह्यांत स्पष्ट झाले.

तिसऱ्या घड्याळाने त्यांची सात वर्षे घेतली. याच काळात त्यांचा संसार मोडला. १९२७ मध्ये न्यायालयाने पति-पत्नींना विभक्त केले. घर गेले, मुलांचा सहवास गेला आणि प्रकरणाचा बोभाटा झाल्याने नोकरीही गेली. गूल्ड आईच्या घरी राहू लागले. काम तेवढे सुटले नाही. वरच्या माळ्यावरील खोलीत त्यांनी शेवटी पुन्हा पहिलेच घड्याळ हाती घेतले, कारण १९२० मध्ये ते केवळ स्वच्छ झाले होते, चालू झाले नव्हते.

येथे हॅरिसन यांची रचना त्यांच्या मदतीस धावली. घड्याळ दोन्ही बाजूंनी सारखे आहे. डावीकडचा भाग हरवला असला, तर उजवीकडे त्याचे भावंड सापडे. त्यावरून नवा घडवायचा. ज्यांचे जोडीदारही उरले नव्हते, तेथे करून पाहणे आणि फसल्यास पुन्हा करणे, हाच उपाय होता. सर्वांत कठीण काम अखेरीस उरले : तोलदांड्यांच्या कमानींवरील बारीक पोलादी तुकडे जुळविण्याचे, तेही हलत्या यंत्रावर. १ फेब्रुवारी १९३३ रोजी दुपारी चारच्या सुमारास, बाहेर वादळी पाऊस खिडक्यांवर आदळत असताना, ते काम संपले. पाच मिनिटांनी घड्याळ चालू लागले. ते याआधी १७ जून १७६७ रोजी चालले होते. मध्ये एकशे पासष्ट वर्षे गेली होती.

गूल्ड यांच्या पद्धतीवर आजचे जाणकार आक्षेप घेऊ शकतील. नवे भाग घालून जुने यंत्र चालविण्यापेक्षा आहे तसे जपावे, असा आता कल आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण घड्याळ बंद राहिले असते तर हॅरिसन यांनी कोणता प्रश्न कसा सोडविला हे फार थोड्यांना उमगले असते. हॅरिसन यांच्या त्या दुर्बोध पुस्तकात असा दावा होता की लंबकाचे घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत राहू शकेल. लोक हसले होते. त्यांच्या तत्त्वांवर मार्टिन बर्जेस यांनी रचलेले एक घड्याळ २०१५ मध्ये ग्रीनिच येथे शंभर दिवसांच्या चाचणीत केवळ पाच अष्टमांश सेकंद मागे पडले.

गूल्ड १९४८ मध्ये वारले. त्यांनी नीट केलेली चारही घड्याळे आज ग्रीनिच येथे आहेत. पहिली तीन चालू असतात. चौथे, ज्याने जमैकाची सफर केली, तेही चालू शकते. पण त्याला तेल लागते, तेलाबरोबर झीज येते, म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलेले आहे.