बिळातील गोळी आणि भिंतीपलीकडची माणसे

सुगी आटोपून धान्य घरात आले की ग्रामीण श्रोत्यांच्या पत्रांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, तो म्हणजे उंदरांसाठी कोणते औषध घालावे. वास्तविक औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावयाचा असतो. कारण जेथे पेंडीचे पोते उघडे आहे, कोंबड्यांचे दाणे रात्रभर अंगणात सांडलेले आहेत आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीला टेकलेला आहे, तेथे दहा उंदीर मेले तरी त्यांची जागा घ्यायला शेजारच्या शिवारातून दुसरे येतात.

घराभोवती मुख्यतः तीन प्राणी उपद्रव करतात : आढ्यावरून व वाशांवरून वावरणारा काळा उंदीर, फडताळात शिरणारा पिटुकला उंदीर आणि भिंतीच्या पायाशी बीळ करून मातीचा ढीग बाहेर टाकणारी घूस. चिचुंद्री ही उंदरांच्या कुळातील नसून ती किडे खाते, म्हणून तिला मारू नये. पिटुकल्या उंदराला सुमारे 6 मिलिमीटरची फटही पुरत असल्याने दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी आणि कणगी जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवावी.

आता गोळीविषयी. धान्यातील किडीसाठी वापरली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घुशीच्या बिळात टाकून तोंड लिंपण्याची पद्धत अनेक गावांत रूढ झाली आहे. ही गोळी हवेतील वा मातीतील ओलावा लागताच फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडते, आणि तोच वायू घुशीला मारतो. परंतु बीळ म्हणजे एका तोंडाचा हंडा नव्हे. त्याच्या वाटा पायाखालून, जोत्याच्या भेगांतून थेट माजघरापर्यंत गेलेल्या असू शकतात आणि तोंड जितके घट्ट लिंपावे तितका वायू त्या दुसऱ्या वाटांकडे वळतो. रात्री झोपलेल्या माणसांना मळमळ, उलट्या व धाप सुरू झाली, तर घरची मंडळी जेवण बाधले असे समजून ओवा-लिंबू देत बसतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. या विषावर उतारा नाही. उतारा नाही, हे वाक्य पुन्हा उच्चारण्याचे कारण असे की, इतके सांगूनही 'आम्ही तर दर वर्षी टाकतो, काही होत नाही' असे उत्तर मिळते. दर वर्षी काही झाले नाही हा नशिबाचा भाग झाला, आणि तान्ह्या लेकराचे नशीब पणाला लावण्याचा अधिकार घरातील कोणत्याही कर्त्या माणसाला नाही.

म्हणून राहत्या घराच्या, गोठ्याच्या वा कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीलगत ही गोळी कधीही वापरू नये, आणि ती घातलेले धान्य निजावयाच्या खोलीत ठेवू नये. भारतात या गोळीची विक्री व वापर यांवर कायद्याने निर्बंध आहेत. ती किराणा दुकानात मिळते म्हणून निर्धोक ठरत नाही. संशय येताच सर्वांना मोकळ्या हवेत आणून तत्काळ रुग्णालयात न्यावे व डब्याचे वेष्टन सोबत न्यावे.

घराजवळ पिंजरा किंवा चाप हाच उत्तम उपाय होय. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच नांदती समजून तेथे चाप मांडावा. मेलेला उंदीर उघड्या हातांनी उचलू नये. ब्रोमाडायोलोनची तयार वडी वापरावयाचीच असेल, तर ती मुलांचा व गुराढोरांचा हात किंवा तोंड पोचणार नाही अशा बंद पेटीत ठेवावी. झिंक फॉस्फाइडचे काळे औषध पीठ मळण्याच्या परातीत कालवणे हा निव्वळ अविचार आहे.

घरात गोळ्यांचा जुना डबा उरला असेल, तर तो चुलीत किंवा विहिरीत टाकू नये. पाणी घालून गोळ्या 'विझवण्याचा' प्रयत्नही करू नये, कारण पाण्याने त्या विझत नाहीत, जाग्या होतात. डबा कोरडा, बंद व घराबाहेर कुलपात ठेवावा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना आजच कळवावे.