निशाणी डावा अंगठा



इंदूरच्या पोलोग्राउंडमध्ये लहान कारखान्यांची जुनी वसाहत आहे. हजेरीची यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे सकाळच्या पाळीला मी पुष्कळदा तिथल्या एखाद्या फाटकाशी उभा असतो. लेथवर काम करणारा एक कामगार येतो, अंगठा पँटला पुसतो आणि काचेवर ठेवतो. तांबडा दिवा. तो अंगठ्यावर फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो. पुन्हा तांबडा. मागची रांग चुळबुळ करू लागते. वर्षानुवर्षं तेल आणि लोखंडाचा कीस हाताळून त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. उशिराची कपात मात्र त्याच्याच पगारातून होते.

अशा वेळी मालक मला सांगतात, ‘‘यंत्र जरा ढिलं करून द्या.’’ ते करता येतं. दोन ठसे किती जुळले म्हणजे माणूस ओळखला असं धरायचं, याची पातळी यंत्रात ठरवलेली असते. ती खाली आणली की रांग भराभर सरकते, पण एकाच्या जागी दुसऱ्याचं बोट खपून जाण्याची शक्यताही वाढते. पातळी कडक केली, तर खरा माणूसच बाहेर राहतो. ही ओढाताण बोट ओळखणाऱ्या प्रत्येक यंत्रात असते, खिशातल्या फोनमध्येसुद्धा. अनोळखी माणसाच्या बोटाने आपला फोन उघडण्याची शक्यता ५०,०००मध्ये एक, असं अ‍ॅपल कंपनी सांगते.

संध्याकाळी ती काच मी आडव्या उजेडात धरतो. तिच्यावर शेवटच्या माणसाच्या अंगठ्याचा शंख किंवा चक्र स्पष्ट दिसतं. पूर्वीच्या काही यंत्रांत या उरलेल्या ठशावर नुसती वाफ सोडली, तरी यंत्र फसायचं. पेल्यावर, दाराच्या कडीवर, फोनच्या काचेवर आपण दिवसभर असे ठसे सोडत असतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

आपल्याकडे तर अंगठा कागदावरही आहे. जुन्या खरेदीखतांच्या तळाशी ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहून शेजारी निळ्या-काळ्या शाईचा ठसा असे, आणि दस्तनोंदणीत तो आजही घेतात. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने असेच नोंदणीचे दस्त इंटरनेटवरून उतरवून घेतले. रबरी शिक्के बनवण्याच्या यंत्रावर त्यांतल्या ठशांच्या प्रतिकृती केल्या आणि त्या वापरून दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डं चालू केली. पुढे याच युक्तीने लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. गावोगावच्या आधार-आधारित व्यवहारात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढं पुरतं. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. जिथे बँकेची शाखा नाही, तिथे म्हाताऱ्या माणसाला पैसे मिळावेत म्हणूनच ही सोय आहे आणि ती राहिली पाहिजे. पण तिथे अंगठा ही एकुलती एक किल्ली आहे, आणि तिचा साचा नोंदणीच्या कागदावर आहे.

म्हणून ठसा जुळतो का, एवढंच विचारून भागत नाही. समोर आहे ते जिवंत माणसाचं बोट आहे का, हेही यंत्राला कळलं पाहिजे. जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्येच जिलेटिनची बोटं करून बाजारातली यंत्रं फसवून दाखवली होती. आपल्या आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये नवी तपासणी आणली. तीत रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, या खुणा जुळवल्या जातातच, शिवाय ठशाच्या पूर्ण प्रतिमेवरून बोट खरं आहे का तेही पाहतात. ठसा घेणारी उपकरणंही बदलली. पूर्वी ठशाला सांकेतिक कुलूप लागायचं ते जोडलेल्या संगणकात किंवा फोनमध्ये. नव्या उपकरणांत ते आतल्या चिपमध्येच लागतं, त्यामुळे मधल्या वायरीत तो चोरायला जागा उरत नाही.

चांगल्या फोनमध्येही हेच तत्त्व आहे. ठशाचं चित्र साठवत नाहीत. त्याच्या खुणांचा गणिती आराखडा फोनच्या एका वेगळ्या, बंदिस्त भागात राहतो. बँकेच्या अ‍ॅपलाही तो दिसत नाही, त्याला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. याउलट एका कारखान्यात (नाव सांगत नाही) सगळ्या कामगारांचे ठसे साध्या पेनड्राइव्हवर भरून सुपरवायझरच्या टेबलाच्या उघड्या खणात टाकलेले मी पाहिले. मी ते तिथल्या तिथे पुसायला लावले. ती वस्तू हरवली असती, तर त्या माणसांचं जन्मभराचं नुकसान होतं.

आणि यंत्र कितीही चोख असलं, तरी मूळ नोंद खोटी असेल तर काय? इंदूरकरांना २०१३ चा जुलै आठवत असेल. पीएमटीला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, दुसऱ्यांच्या नावावर बसायला आलेले तोतये इथल्या पोलिसांनी पकडले आणि राज्याच्या परीक्षा मंडळातलं, व्यापमचं, घोटाळ्याचं प्रकरण फुटलं. त्यानंतर परीक्षांना बोटांची ओळख आली. तरीही मध्य प्रदेशच्या २०२३ च्या पोलीस भरतीत काही उमेदवारांनी परीक्षेआधी आपल्या आधारमध्ये तोतयाचे ठसे आणि फोटो भरून घेतले, आणि परीक्षा झाल्यावर पुन्हा स्वतःचे भरले. हे २०२५ मध्ये उघडकीला आलं. परीक्षेच्या दारातल्या यंत्राने आपलं काम बरोबरच केलं होतं. चोरी झाली ती आधार दुरुस्तीच्या खिडकीशी. ठसे बदलून मागणाऱ्याची कसून चौकशी तिथेच व्हायला हवी.

घरी बसून एक काम आजच करता येईल. आधारच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर आपल्या बोटांना कुलूप लावता येतं. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं, नंतर ते आपोआप बंद होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, त्यांना दाखवून हे करा. मात्र अंगठा लावून पैसे काढायच्या दिवशी कुलूप आधी उघडावं लागतं, हेही सांगून ठेवा, नाहीतर त्यांना हात हलवत परत यावं लागेल.

त्या लेथवाल्या कामगारासाठी मी यंत्र ढिलं केलं नाही. मालकांशी बोलून त्याला एक कार्ड दिलं. कार्ड दाखवलं की शंभर जणांच्या ठशांत शोधाशोध करावी लागत नाही. यंत्र फक्त त्याच्या एकट्याच्या नोंदीशी बोट ताडून पाहतं, त्यामुळे पातळी कडक ठेवूनही भागतं. मग त्याची दहाही बोटं मी भिंगाखाली पाहिली. डाव्या हाताच्या अनामिकेच्या रेषा शाबूत होत्या. हात साबणाने धुऊन, कोरडे करून तिची नोंद तीनदा घेतली. आता तो अंगठा ठेवतच नाही. कार्ड, अनामिका आणि हिरवा दिवा. मागच्या रांगेला थांबावं लागत नाही.