चष्मा घालवण्याआधी

लग्न ठरलं की आपल्या नागपुरात पुष्कळ मुलामुलींना चष्मा नकोसा होतो. मग लेसरची चौकशी सुरू होते ती थेट खर्चापासून. खरं तर पहिला प्रश्न बुबुळाच्या जाडीचा असायला हवा.

बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे 540 मायक्रॉन जाड असतो. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत साधारण 110 मायक्रॉनची चकती उचलतात आणि खालचा थर लेसरने घासतात. एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन. उणे सहा नंबर असेल तर 70-90 मायक्रॉन तिथेच गेले. खाली निदान 250 तरी शिल्लक राहायलाच हवेत. त्यामुळे पडदा पातळ आणि नंबर मोठा असेल, तर डॉक्टर नाही म्हणतात. असा नकार देणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

वय 18च्या पुढे हवं, वर्षभर नंबर स्थिर हवा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, केराटोकोनस, असेल तर लॅसिक नकोच. म्हणून बुबुळाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी टाळू नका.

डोळे आधीच कोरडे असतील तर तेही सांगा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने कोरडेपणा वाढतो, त्यात आपला मे महिना आणि तोंडावर कूलर! शिवाय चाळिशीनंतर पेपर वाचायला चष्मा लागतोच, लेसर केलं तरी.

आणि हो, तपासणीला जाण्यापूर्वी सॉफ्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर मोजमाप चुकतं.