सेवा नको, उमेदवारी द्या

(बोईसरच्या युवक शिबिरात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, फक्त आकडे तपासून घेतले.)



मला विषय दिला होता ‘धर्मादाय संस्था आणि आपले तरुण’. तो फार ऐसपैस आहे. मी त्यातलं एकच बोट धरतो. उमेदवारी.

उमेदवारी म्हटलं की आपल्या पोरांना आधी ग्रामपंचायतीचा फॉर्म आठवतो, डिपॉझिट आठवतं, पॅनल आठवतं. तिच्यावर मी बोलत नाही. तिच्यावर बोलणारे इथे पाच वर्षांतून एकदा येतातच. मी बोलतोय ती दुसरी उमेदवारी, कामाच्या जागी राहून, करत करत काम शिकण्याची. तिच्यासाठी १९६१ सालचा कायदा आहे, १ मार्च १९६२ पासून लागू आहे. तारापूर एमआयडीसीत त्याची ओळख आहे. आयटीआय झालेला पोरगा फिटर म्हणून, इलेक्ट्रिशियन म्हणून, केमिकल प्लँटचा अटेंडंट ऑपरेटर म्हणून वर्षभर शिकाऊ राहतो. तिकडे अणुवीज केंद्रातही ट्रेडचे शिकाऊ घेतात. तिथे कुणी त्याला ‘सेवा कर’ म्हणत नाही. विद्यावेतन ठरलेलं, करारनामा ठरलेला, शेवटी परीक्षा.

पण त्याच पोराची बहीण एखाद्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेली, वसतिगृहात गेली, मूकबधिरांच्या शाळेत गेली, बालवाडीत गेली, तर तिला काय सांगतात? ‘ये, शिक, सेवेचं काम आहे, बघू पुढे.’ हे ‘बघू पुढे’ दोन-दोन वर्षं चालतं. जाण्यायेण्याचं भाडं दिलं तर दिलं. कागद नाही, हजेरी नाही, दाखला मागितला तर साहेब मुंबईला गेलेत. कारखानदाराची भाषा निदान सरळ असते. त्याला नफा पाहिजे, तो तसं बोलतो. ट्रस्टी नफा मागत नाही, तो तुमच्याकडून त्याग मागतो. त्यागाला तासांचा हिशेब नसतो, ओव्हरटाइम नसतो.

हा भाग पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, त्याआधी ठाणे जिल्हा. याच मातीत डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात सावकार-जमीनदारांची वेठ होती. लग्नासाठी चार पैसे उचलले म्हणून वारली माणूस नवराबायकोसकट आयुष्यभर राबायचा. त्याला नाव होतं लग्नगडी. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उठले तेव्हा ती वेठ मोडली. आणि गावकुसाबाहेरच्या आपल्या बापजाद्यांना तर फुकट राबणं जन्माबरोबर मिळालं होतं. मेलेलं ढोर ओढणं ‘मान’, सांगावा नेणं ‘मान’. तेव्हा फुकट कामाला कुणी गोड नाव दिलं की माझे कान टवकारतात. तुमचेही टवकारले पाहिजेत.

आता दुसरी बाजू. काम शिकू देणं ही सत्ता असते. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसं कमी नव्हती. पण साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, जिथे पगार चांगला होता, तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धाग्याचं टोक धोट्यातून तोंडाने ओढावं लागायचं आणि आपल्या थुंकीने इतर बाटत होते. साळखात्यातलं काम शाळेत शिकवत नव्हते, ते मागावर, भावाच्या, मामाच्या, गाववाल्याच्या बाजूला उभं राहून शिकायचं. ज्याला बाजूला उभंच राहू देत नाहीत त्याने शिकायचं कसं? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आपल्या चळवळीचा उमेदवारीशी संबंध तिथून आहे. एकलव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मी परत सांगत नाही. त्याच्याकडे करारनामा नव्हता एवढंच लक्षात ठेवा.

म्हणून मी ‘ट्रस्टमध्ये जाऊ नका’ असं सांगायला उभा नाही. जा. पण नोंदलेले शिकाऊ म्हणून जा. आणि ट्रस्टींनाही सांगा की यात तुमचा फायदा आहे. हो, मालकाचा फायदा मी आपल्या स्टेजवरून सांगतोय, दचकू नका. ज्याच्याशी भांडायचं त्याचा हिशेब आपल्याला त्याच्यापेक्षा चांगला आला पाहिजे.

हिशेब असा. कायद्यात ‘कारखाना’ एवढाच शब्द नाही, ‘आस्थापना’ आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील, कंत्राटी धरून, तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे. ४ ते २९ माणसं असतील तर मर्जी. ८० माणसांचा दवाखाना धरा : कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बारा. विद्यावेतन त्याच नियमांनी शिक्षणाप्रमाणे महिना पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत ठरवलं, आयटीआयवाल्याला सात हजार. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत यातला चौथा हिस्सा, पण दीड हजारापर्यंतच, सरकार भरतं. सात हजारांचा चौथा हिस्सा साडेसतराशे होतो, पण मिळणार दीड हजार. म्हणजे संस्थेच्या खिशातून साडेपाच हजार. फंड नाही, राज्य विमा नाही. कुठल्या ट्रस्टीला हे महाग आहे? वार्षिक सभेच्या जेवणावळीचा खर्च काढून बघा.

पण पैशापेक्षा मोठा फायदा वेगळा आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला. मी स्वतः इथल्या एका कारखान्यात शिकाऊ फिटर होतो. पंपाची ग्लँड कशी भरायची, गॅस्केट कशी कापायची, हे पुस्तकातून येत नाही. पुढे एका धर्मादाय दवाखान्याच्या मेंटेनन्सला लागलो. तिथे एक मामा होते. जनरेटर, पाण्याचा पंप, ऑक्सिजनचे सिलिंडर, सगळं एकट्या मामांच्या हातात. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या रेग्युलेटरचा काटा खोटं बोलतो, हे फक्त त्यांना ठाऊक. पोरीच्या लग्नाची तीन दिवस रजा घेतली तर मांडवात फोन. मग संस्थेने दोन शिकाऊ पोरं घेतली. मामा आधी कुरकुरले. शिकवायचं म्हणजे काय, मी काय मास्तर आहे का? पण पोरगं विचारणारच, हे असं का? आणि ‘का’ला उत्तर द्यायचं तर जे हाताला ठाऊक ते तोंडाने सांगावं लागतं. मामांनी सांगितलं, पोरांनी लिहिलं. सिलिंडर बदलायची पद्धत भिंतीवर मोठ्या अक्षरात लागली. पहिल्यांदा त्या दवाखान्याला आपल्याच ऑक्सिजनची माहिती झाली. दिवाळीला मामा आठ दिवस गावी जाऊन आले, फोन बंद ठेवून. आणि परत आल्यावर ऑफिसात गेले : मी शिकवतो, तर शिकवणाऱ्याचा भत्ता काढा. निघाला. थोडा, पण निघाला.

दुसरं उदाहरण एका आयाचं. आपल्यातलीच बाई, वीस वर्षं बेडपॅन उचलले. दवाखान्याच्या लेखी ती झाडूवाल्यांच्या रांगेत. रुग्णसेवेच्या शिकाऊ म्हणून दोन मुली आल्या. सिस्टरना वेळ नव्हता, म्हणून मुलींना बाईच्या हाताखाली दिलं. उठता न येणाऱ्या रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होण्याआधी कातडीचा रंग कसा बदलतो, म्हाताऱ्याला घास कसा भरवायचा म्हणजे ठसका लागत नाही, हे तिने शिकवलं. मुलींनी तिला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली, शाळेतल्या बाईला म्हणतात तसं. मित्रहो, हे सोपं नाही. या देशात आपल्या बाईपुढे कुणी शिकायला बसणं सोपं नाही. मुलींतली एक मराठा होती.

आणि तिसरी, विक्रमगडकडची वारली मुलगी, केसपेपरच्या खिडकीवर. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खाटा असतात. पण जव्हार-मोखाड्याहून आलेल्या माणसाला कुठला दाखला आणायचा हे त्याच्या बोलीत कोण सांगणार? खिडकीतला क्लार्क वसईचा, तो बोर्डाकडे बोट दाखवायचा. ही मुलगी बोलायची. तिला बघून माणसं खिडकीशी थांबायला लागली. क्लार्कचं ओरडणं कमी झालं, फाइली नीट लागल्या, तपासणीला कागद सापडले. ट्रस्टी खूश. आपल्याला ट्रस्टी खूश झाल्याचं काही वाटत नाही, पण मोखाड्याचा माणूस परत फिरला नाही याचं वाटतं. तिने तिथेच ट्रस्टची कामंही पाहिली : हिशेबपत्रकं, ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा बदल अर्ज. उद्या आपल्या संस्था कुणी चालवायच्या? आपल्या बुद्धविहारांचे, वाचनालयांचे किती ट्रस्ट हिशेब न भरल्यामुळे अडकून पडलेत हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

हे झालं गोड. आता कडू.

या कायद्याचं कलम १८ म्हणतं, शिकाऊ हा कामगार नाही. कलम २२ म्हणतं, शिकून झालेल्याला नोकरीत घ्यायचं की नाही याचं धोरण मालकाने स्वतःच ठरवायचं. म्हणजे लबाड संस्था काय करील? कायम माणूस निवृत्त झाला की जागा भरायची नाही, दरवर्षी नवे शिकाऊ घ्यायचे. तेव्हा मामा आणि पोरगा एकमेकांचे वैरी होतात. कायम कामगार शिकाऊकडे तिरक्या नजरेने बघतो ते उगाच नाही. आणि धर्मादाय संस्थेत ही भीती दुप्पट आहे. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ‘उद्योग’ शब्दाचा अर्थ रुंद केला, दवाखाने, शाळा, धर्मादाय संस्थासुद्धा त्यात येऊ शकल्या. तिथल्या कामगाराला दाद मागायची वाट झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक, परोपकारी सेवेतल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’तून बाहेर काढल्या. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बघा, शिकाऊ हा कामगार नाही आणि त्याची संस्था हा उद्योग नाही. दोन्हीकडून दार लावून घेतलंय.

शब्दांनी कसं मारतात त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबादला अनुताई वाघांबरोबर आदिवासींच्या अंगणात बालवाडी नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. काम अस्सल होतं, मी त्याला नमस्कार करतो. तिथला ‘अंगणवाडी’ शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत देशभर गेला. शब्द गेला, पण सेविकेला पगार गेला नाही. तिला मिळतं मानधन. पन्नास वर्षं झाली, अजून मानधन. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेही भांडल्यावर. वेतन, विद्यावेतन, मानधन : हे तीन शब्द वेगळे का ठेवलेत ते विचारत चला. राज्याने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, सहा ते दहा हजार रुपये, आधी सहा महिने. मुदत संपल्यावर तीच पोरं निवेदनं घेऊन रस्त्यावर आली.

मग करायचं काय? कायद्यात आपल्या बाजूचंही आहे, ते घट्ट धरायचं. कलम ३अ : अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखीव, १९७३ च्या दुरुस्तीपासून. कलम १६ : कामावर इजा झाली तर शिकाऊला कामगारासारखीच भरपाई. तारापूरच्या केमिकल पट्ट्यात राहून हे कलम माहीत नसणं परवडणारं नाही, आणि दवाखान्यात सुई टोचते, सिलिंडर पायावर पडतो. शिवाय १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उत्तर प्रदेश परिवहन मंडळाच्या शिकाऊंचा : बाकी सगळं सारखं असेल तर थेट भरतीच्या उमेदवाराआधी शिकाऊ झालेल्याला प्राधान्य. हक्काची नोकरी नाही, पण प्राधान्य. तो निकाल अर्जाला जोडायचा.

आणि युनियनवाल्यांना घेऊन बसायचं. किती जागा कायम आहेत, किती रिकाम्या आहेत, हे आधी लिहून घ्यायचं. रिकाम्या जागेवर शिकाऊ उभा करू द्यायचा नाही. शिकवणाऱ्याला भत्ता मागायचा. शिकाऊकडून झाडूच मारून घेत असतील तर डायरीत तारीख घालून लिहायचं.

या शिबिराला आलेल्यांपैकी अकरा जण सध्या कुठल्या ना कुठल्या ट्रस्टमध्ये ‘सेवा’ करतायत, मी सकाळी हात वर करायला सांगून मोजले. त्या अकरांनी चहानंतर थांबायचं. करारनाम्याचा नमुना मागच्या टेबलावर आहे. नोंदणी ऑनलाइन होते, त्याचा नंबर मिळाल्याशिवाय स्वतःला शिकाऊ म्हणवून घेऊ नका. आधी पूर्ण वाचा, बँक पासबुकावरचं नाव जुळतंय का बघा, मग सही करा. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्या बाजूला मी बसतो.