पाण्याचें वजन आणि पाण्याचें आरोग्य



आमच्या बाभुळगांव तालुक्यांत, खडकसावंगा येथें, बेंबळा नदीवर धरण झालें आहे. बेंबळेचें पाणी वर्धेस मिळतें. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते आणि ती पुढें गोदावरीस जाऊन मिळते. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून सकाळीं या जलाशयाकडे फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. एके दिवशीं कांठावर मासळीचीं टोपलीं तराजूवर चढत होतीं. तीं पाहून मीं एका वृद्ध भोयास म्हटलें, "बाबा, यंदां पाणी चांगलेंच फळलें म्हणावयाचें!" ते म्हणाले, "गुरुजी, वजन भरलं खरं. पण टोपल्यात पाहा नं, सारे एकाच घरचे हायेत."

मीं वांकून पाहिलें. टोपल्यांत बहुतेक सारी चिलापीच होती. जन्मभर मुलांस हिशेब शिकविणाऱ्या मास्तराची बेरीज बरोबर होती. मात्र बेरीज कशाची करावयाची, हेंच त्यास कळलें नव्हतें!

एखाद्या पाण्यांतील सर्व जिवंत माशांच्या एकंदर वजनास शास्त्रज्ञ 'जैवभार' म्हणतात. पाण्याखालचे मासे मोजावे कसे, असें आपण विचाराल. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पेटर्सन यांच्या नांवानें ओळखली जाणारी एक युक्ति आहे. समजा, तळ्यांतून एका जातीचे २०० मासे धरले, त्यांवर लहानशी खूण केली व त्यांस जिवंत सोडून दिलें. कांहीं दिवसांनीं पुन्हां जाळें टाकलें, तेव्हां त्याच जातीचे १५० लागले आणि त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे पंधरांत एक. खुणेचे एकंदर मासे २००, म्हणून त्या जातीचे सारे मासे अदमासें ३०००. प्रत्येकीं सरासरी पाव किलो धरल्यास भार ७५० किलो झाला. अर्थात् मधल्या काळांत खुणा पुसल्या जाऊं नयेत आणि मासे तळ्यांत सर्वत्र मिसळलेले असावे, हें गृहीत आहे. हा हिशेब प्रत्येक जातीचा निराळा करावा लागतो, आणि सारें मर्म तेथेंच आहे.

भार एकाएकीं घटला तर तो धोक्याचा इशारा होय, यांत शंका नाहीं. परंतु भार वाढला म्हणजे पाणी निरोगी, असें मात्र म्हणतां येत नाहीं. शेतांतील खत व गांवचें सांडपाणी तळ्यांत उतरलें कीं शेवाळ माजतें. तें खाऊन तग धरणाऱ्या चिवट जाती कांहीं काळ पुष्कळ वाढतात आणि तराजू जड होतो. पण सूर्य मावळल्यावर तेंच शेवाळ पाण्यांतील प्राणवायु ओढूं लागतें, आणि पहांटे तो सर्वांत कमी उरतो. अशा पहांटे नाजूक जातींचे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडूं लागतात. कांहीं वेळां मेलेल्या माशांचा थर कांठास लागतो. चिलापी मूळची आफ्रिकेंतली. ती १९५२ सालीं भारतांत आणली गेली. तिची मादी अंडीं तोंडांत धरून जपते, म्हणून तिची संतति झपाट्यानें वाढते आणि इतरांची जागा बळकावते.

याकरितां अमेरिकेंतील जेम्स कार यांनीं १९८१ सालीं ओढ्यानद्यांच्या परीक्षेची एक रीत सुचविली. जाती किती, त्यांत घाण पाणी सोसणाऱ्या किती व न सोसणाऱ्या किती, दुसऱ्या माशांवर जगणारे आहेत कीं नाहींत, रोगट किती, अशा प्रश्नांस गुण देऊन ते त्यांची बेरीज करीत. प्रगतिपुस्तकासारखीच ही गोष्ट आहे; एका विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून मुलगा उत्तीर्ण होत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत या परीक्षेस जुना आधारहि आहे. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां कित्येक जातींस त्यांनीं कोळ्याभोयांच्या तोंडचींच नांवें दिलीं. बोगट, फुलंगी, मुल्या, शिंगटी हे आपले शब्द आजहि जगभरच्या शास्त्रग्रंथांत लॅटिन वेषांत वावरत आहेत. पुढें १९४२ सालीं फ्रेझर यांनीं पुण्याच्या माशांची यादी केली. २००३ सालीं पुण्याच्या अभ्यासकांनीं मुळा-मुठेचे मासे पुन्हां पाहिले, तेव्हां जुन्या यादींतील अनेक जाती त्यांस सांपडल्या नाहींत. उलट बाहेरून आलेल्या जाती मात्र आढळल्या. जुनी यादी नसती, तर काय गेलें हें कोणास कळलेंहि नसतें.

त्या दिवसापासून मीं एक वही घातली आहे. भोईबाबा नांव सांगतात, मी लिहितों: मरळ, वाम, शिंगटी. कोणता मासा कोणत्या महिन्यांत, केवढा, किती. कधीं कधीं ते एखादें नांव सांगून थांबतात आणि म्हणतात, "हा माझ्या बापानं पाहिला होता." तें नांव मी निराळ्या पानावर लिहितों. तें पान भरत चाललें आहे, हीच माझी चिंता आहे. कारण त्या प्रत्येक नांवाबरोबर भोयांच्या घरची एखाद्या हंगामाची कमाई गेलेली असते.

शहरांतील श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे. बाजारांत मासळी घेतांना भाव विचारण्यापूर्वीं नांव विचारावें, ती कोणत्या पाण्यांतली तें विचारावें, आणि घरीं येऊन मुलांकडून लिहवून ठेवावें. दहा वर्षांनीं ती वही उघडाल, तेव्हां आपल्या नदीची प्रकृति आपणांस तींत वाचतां येईल.