मिठाच्या पाण्यातून क्लोरीन



टीसीएल पावडर साठवणुकीत हळूहळू निःसत्त्व होत जाते, हा अनुभव ग्रामपंचायतींना नवा नाही. म्हणूनच काही पाणीपुरवठा योजनांत मिठाच्या द्रावणातून वीजप्रवाह सोडून जंतुनाशक जागीच तयार केले जाते. त्या यंत्रात काय घडते, हे ते चालविणाऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मीठ पाण्यात विरघळले की सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित आयन सुटे होतात. प्रवाह सुरू होताच पहिले ऋणाग्राकडे, दुसरे धनाग्राकडे सरकू लागतात. (‘आयन’ हा शब्द फॅरडे यांनी १८३४ साली रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे.) परंतु अग्राजवळ जो पोहोचला तो भारमुक्त झालाच, असे मात्र नाही. सोडियम-आयनापेक्षा पाण्याचा रेणू इलेक्ट्रॉन अधिक सहज स्वीकारतो. त्यामुळे ऋणाग्राशी सोडियम न मिळता हायड्रोजन वायू निघतो व द्रावणात कॉस्टिक सोडा तयार होतो. हम्फ्री डेव्ही यांना १८०७ मध्ये सोडियम हाती लागला, तो वितळविलेल्या कॉस्टिक सोड्यातून. पाण्यातील द्रावणातून नव्हे.

धनाग्राची गोष्ट अधिक नाजूक आहे. केवळ प्रमाण विभव पाहिले, तर क्लोरीनचे १.३६ व्होल्ट आणि ऑक्सिजनचे १.२३, म्हणजे पाण्यातून ऑक्सिजनच आधी निघावयास हवा! प्रत्यक्षात ऑक्सिजन निघण्याची क्रिया मंद असून तिला बराच जादा विद्युतदाब लागतो. मीठ पुरेसे असेल, तर क्लोरीन बाजी मारतो. द्रावण पातळ झाले की ऑक्सिजनचा वाटा वाढतो. वीज खर्च होतच राहते, बुडबुडेही दिसतात. जंतुनाशक मात्र घटते. मिठातील काटकसर येथे महागात पडते.

हा क्लोरीन सोड्याशी संयोग पावून सोडियम हायपोक्लोराइट बनते व तेच टाकीत सोडावयाचे असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. तेव्हा बुडबुड्यांवर समाधान न मानता गावातील शेवटच्या नळाचे पाणी तपासावे.

राहता राहिला हायड्रोजन. तो ज्वालाग्राही आहे. यंत्राच्या बंद खोलीत निवांत विडी शिलगावणाऱ्यास याची कल्पना नसते. हा वायू हवेहून पुष्कळ हलका असल्याने छताशी साचतो. म्हणून झरोका भिंतीत खाली नव्हे, अगदी वर ठेवावा.